कार्ल हॅन्सन अँड सन: ‘वाय’ खुर्चीच्या डॅनिश कारखान्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीला इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची फळी आणि दोरीने विणलेली बैठक, ही खुर्ची तुम्ही पाहिलेली असणारच. एखाद्या कॅफेत, जाहिरातीत, नाहीतर नव्या फ्लॅटच्या सॅम्पल घरात. फर्निचरबद्दल मी चार शब्द लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त विचारणा हिचीच होते. एकेकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून टाकतोय.

ही कंपनी नेमकी कुठली? ‘सन’ म्हणजे काय?

डेन्मार्कची. फ्यून नावाच्या बेटावर ओडेन्से हे शहर आहे. परीकथा लिहिणाऱ्या हान्स क्रिश्चन अँडरसनचं जन्मगाव म्हणून ते जगाला माहीत आहे. तिथे १९०८ साली कार्ल हॅन्सन नावाच्या सुताराने स्वतःचा कारखाना थाटला. ‘सन’ म्हणजे मुलगा. डॅनिशमध्ये स्पेलिंग थोडं वेगळं, अर्थ तोच. म्हणजे आपल्याकडच्या ‘अमुक आणि पुत्र’ अशा पाटीसारखंच हे नाव. मुलाचं नाव होल्गर, आणि पुढच्या गोष्टीत खरं काम त्याचंच आहे.

फ्रिट्झ हॅन्सन, योहानेस हॅन्सन आणि हे हॅन्सन, सगळे भाऊबंद का?

नाही. हा घोळ इतका सर्रास होतो की जुन्या खुर्च्या विकणारेसुद्धा त्यात सापडतात. हॅन्सन म्हणजे ‘हान्सचा मुलगा’. आपल्याकडे गावोगावी पाटील असतात तसे डेन्मार्कात हॅन्सन.

फ्रिट्झ हॅन्सन ही कोपनहेगनच्या बाजूची, १८७२ पासूनची कंपनी. मुंगीसारखी दिसणारी ‘अँट’ आणि ‘एग’ या डॅनिश डिझायनर अर्न जेकबसनच्या खुर्च्या त्यांच्या. योहानेस हॅन्सन हा कोपनहेगनमधला उस्ताद सुतार. त्याच्याकडे मोजके कारागीर आणि सगळं काम हातचं. ओडेन्सेचे कार्ल हॅन्सन हे तिसरेच. गंमत म्हणजे हान्स वेग्नर या एकाच डिझायनरने तिघांसाठीही खुर्च्या केल्या, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढतो.

सुरुवातीला ते काय बनवायचे?

गिऱ्हाईक सांगेल ते. ओडेन्सेतल्या खात्यापित्या घरांसाठी कपाटं, जेवणाच्या खोलीचे संच, त्या काळच्या पसंतीचं जडशीळ सामान. त्यात आज कुणी मुद्दाम जाऊन पाहावं असं फारसं नाही. १९३०च्या दशकात वडिलांची तब्येत ढासळली आणि कारभार होल्गरकडे आला. पुढे युद्धाची वर्षं आली. १९४०च्या दशकात फ्रिट्स हेनिंगसेन या डिझायनरने आखलेली विंडसर पद्धतीची, म्हणजे पाठीला उभ्या बारीक काड्या असलेली खुर्ची त्यांनी काढली. खुर्ची हाच आपला धंदा, हे तिथून होल्गरच्या मनात पक्कं होत गेलं असावं, असा माझा अंदाज.

१९४९ साली असं काय घडलं की सगळे त्याच वर्षाचं नाव घेतात?

एक विक्रेता आणि एक कारखानदार मिळून एका डिझायनरकडे गेले, एवढंच घडलं.

विक्रेता आयविन कोल्ड क्रिस्टेन्सन. बाजाराचं नाक तिखट. कारखानदार होल्गर हॅन्सन. आणि ज्याच्याकडे गेले तो हान्स वेग्नर, वय पस्तीस. जाणकारांत त्याचं नाव झालेलं होतं, पण ते कोपनहेगनच्या सुतारसंघाच्या प्रदर्शनांमुळे. ही प्रदर्शनं १९२७ पासून दरवर्षी भरत. तिथे एक उस्ताद आणि एक डिझायनर मिळून एखादीच अप्रतिम वस्तू मांडायचे. लोक बघून वाहवा करायचे, वर्तमानपत्रात छापून यायचं, आणि विकत घेणारे मूठभर असायचे.

होल्गरला हव्या होत्या कारखान्यात शेकड्याने निघतील अशा खुर्च्या. त्या वेळी ओडेन्सेसारख्या ठिकाणच्या मध्यम कारखान्याने असं मागणं धाडसाचंच होतं, कारण बाजारात अजून जड, कोरीव सामानच चालत होतं. वेग्नर ओडेन्सेला आला. कारखान्यात राहून त्याने यंत्रं पाहिली, कामगारांचे हात पाहिले, आणि त्याला धरून खुर्च्या आखल्या. त्यातून सीएच (कार्ल हॅन्सनची आद्याक्षरं) २२, २३, २४ आणि २५ अशी भावंडं निघाली. १९५० साली ती बाजारात आली. यातली २४ क्रमांकाची म्हणजेच वाय खुर्ची. तेव्हापासून आजपर्यंत तिचं उत्पादन एकदाही थांबलेलं नाही.

या खुर्चीबद्दल लिहिताना जो तो ‘हस्तकला, हस्तकला’ करतो, ते मला पटत नाही. ही खुर्ची मुळातच यंत्रांसाठी आखलेली आहे. वेग्नर स्वतः सुतारकाम शिकलेला, म्हणून यंत्राला काय द्यायचं आणि हाताला काय ठेवायचं याची वाटणी त्याने कागदावरच करून टाकली होती. होल्गरचं शहाणपण असं की ती वाटणी त्याला कळली आणि त्याने तिच्यात ढवळाढवळ केली नाही.

हान्स वेग्नर कोण होता?

दक्षिण डेन्मार्कात, जर्मन सीमेजवळच्या ट्यौनर गावी २ एप्रिल १९१४ रोजी जन्मलेला चांभाराचा मुलगा. पोरवयातच गावातल्या सुताराकडे उमेदवारीला लागला. पुढे कोपनहेगनला कलाशाळेत शिकला. ऑर्हुस शहराच्या नगरभवनाचं फर्निचर आखताना अर्न जेकबसन आणि एरिक म्योलर यांच्या हाताखाली काम केलं आणि १९४३ साली स्वतःचं ऑफिस काढलं. आयुष्यात पाचशेहून जास्त खुर्च्या आखल्या. त्यातल्या बऱ्याच प्रत्यक्ष बनल्या, बाकीच्या कागदावरच राहिल्या. १९५१ मध्ये त्याला डिझायनरांना दिला जाणारा लुनिंग पुरस्कार मिळाला. २००७ च्या जानेवारीत तो गेला.

ही खुर्ची चिनी आहे असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

अर्धं खरं. मिंग काळातल्या चिनी खुर्च्यांची पाठ आणि हात मिळून एकच गोल वळलेली पट्टी असते. वेग्नरला तिने झपाटलं होतं. १९४४ साली त्याने फ्रिट्झ हॅन्सनसाठी ‘चायना चेअर’ केली, ती मूळ चिनी खुर्चीच्या बरीच जवळची आहे. नंतर तो एकेक करून चिनी खुणा पुसत गेला. वाय खुर्ची त्या वाटेवरचा पुढचा मुक्काम आहे.

चिनी खुर्चीत पाठीला मधोमध एक सरळ उभी फळी असते. इथे तीच फळी वर जाता जाता दोन फाट्यांत फुटते. हा दिसण्याचा खेळ असेल असं वाटतं, पण तसं नाही. गोल पट्टी लांबलचक असते आणि कुणी रेलून बसलं की मागे झुकते. एकाऐवजी दोन ठिकाणी टेकू मिळाला की पट्टी कमी वाकते. शिवाय पाठीच्या कण्याला मधली जागा मोकळी राहते.

मग मागचे पाय वाफेवर वाकवतात का?

अनेकांना तसंच वाटतं. वाफेवर वाकवतात ती वरची गोल पट्टी. मागचे पाय जाड फळीतून कापून काढलेले असतात. जमिनीपासून बैठकीपर्यंत आणि तिथून पुढे झुकत वरच्या पट्टीपर्यंत एकच अखंड तुकडा. खुर्ची बाजूने पाहिली की पाय चारी दिशांनी वळल्यासारखा भासतो, पण फळीवर आखायचं झालं तर तो एका सपाट पातळीतला आकार आहे. म्हणजे यंत्राला सोपा, डोळ्याला अवघड. वेग्नरची हुशारी अशी लपलेली असते.

आणखी एक. पुढचे पाय बैठकीपाशीच संपतात. हात टेकायची पट्टी मागच्या पायांनीच पुढे येऊन तोललेली आहे. त्यामुळे समोर काही आडवं येत नाही आणि टेबलापाशी तिरकं बसताही येतं. घरी जेवायला बसल्यावर पोरं कशी बसतात ते आठवा.

एक खुर्ची व्हायला किती वेळ लागतो?

कंपनी सांगते शंभराहून जास्त टप्पे आणि लाकूड कापण्यापासून खोक्यात जाईपर्यंत सुमारे तीन आठवडे. त्यातला बराच वेळ लाकूड स्थिरावण्यात आणि लाकडावर दिलेले थर वाळण्यात जातो, तीन आठवडे कुणी एका खुर्चीवर मान मोडून बसलेलं नसतं. कापणं, आकार देणं, भोकं पाडणं यंत्रावर होतं. जोडणी, घासकाम आणि विणकाम हाताने. बैठक विणायला मुरलेल्या माणसाला तासभर लागतो.

बैठक खरंच कागदाची असते?

हो, आणि हा प्रश्न विचारताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीच शंका असते: पाणी सांडलं तर?

दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारं समुद्री गवत बंद झालं. विणायला काहीतरी हवं म्हणून डॅनिश कारागिरांनी कागदाला पीळ भरून दोर केला. युद्ध संपलं तरी तो गेला नाही, कारण गवतापेक्षा एकसारखा आणि विणायला सरळ होता. बोर्गे मोगेन्सन हा डिझायनर वेग्नरचा जिवलग मित्र. त्याने सहकारी संस्थेसाठी केलेल्या १९४७ च्या स्वस्त, साध्या खुर्चीलाही हीच बैठक होती. म्हणजे मुळात ही गरिबीतली तडजोड, आणि आज तिचेच जास्त पैसे लागतात!

एका वाय खुर्चीला सुमारे १२० मीटर दोर लागतो. मी तो एकदा स्वतः विणून पाहिला. एका ऑनलाइन दुकानातून घेतलेली नक्कल होती, बैठक वर्षभरातच बसली, म्हणून ती उसवली. बैठकीची चौकट पुढून रुंद आणि मागून अरुंद असते. हे लक्षात न घेता मी सरळ चारी कोपऱ्यांवरून दोर फिरवायला सुरुवात केली. वीसेक फेऱ्यांनी बघतो तर सगळ्या रेघा तिरप्या. नंतर कळलं की आधी फक्त पुढचे दोन कोपरे भरून घ्यायचे, मधली मोकळी जागा चौकोनी झाली की मगच चारी बाजूंनी फिरायचं. प्रत्येक कोपऱ्यावर पट्टीवरून, खालून, मग शेजारच्या पट्टीवरून. सैल सोडलं तर बैठक झोळ खाते, फार ओढलं तर बोटांना चरे पडतात. माझ्या बोटांना पडलेच. तासाभराचं काम मला दोन रविवार पुरलं.

आपल्या सुंभाच्या बाजेशी तुलना करायचा मोह होतो, पण एक मोठा फरक आहे. बाज सैल झाली की पायथ्याची दोरी ओढून ताणता येते. इथे ताणायला जागाच ठेवलेली नाही. सैल झाली की पूर्ण उसवून नव्याने विणायची.

पाण्याचं म्हणाल तर थेंबभर सांडल्याने काही होत नाही. लगेच कोरड्या फडक्याने टिपा. मळ असेल तर फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि पुसा. चोळू नका. चहाचा डाग मात्र मुक्कामाला येतो.

केनेडी आणि निक्सन यांच्या टीव्हीवरच्या वादविवादात हीच खुर्ची होती ना?

नाही हो. १९६० च्या त्या कार्यक्रमातली खुर्ची वेग्नरचीच, पण वेगळी. तिला नुसतं ‘द चेअर’ म्हणतात. १९४९ साली ती योहानेस हॅन्सनच्या कारखान्यात बनली, आणि आता पीपी म्योब्लर नावाची कंपनी बनवते. दोन्ही एकाच वर्षीच्या, एकाच माणसाच्या, दोन वेगळ्या ‘हॅन्सन’साठी केलेल्या. तरी दोघींना शेजारी ठेवून बघा. द चेअरच्या हातांचा उतार म्हणजे रंधा आणि कानस घेऊन बसलेल्या माणसाचं काम, आणि वाय खुर्ची म्हणजे कारखान्याचं.

सेल्सको हे नाव जुन्या खुर्च्यांच्या माहितीत दिसतं. ते काय?

पाच कारखान्यांची मिळून काढलेली विक्रीसंस्था. १९५१ साली त्याच कोल्ड क्रिस्टेन्सनच्या डोक्यातून निघालेली. वेग्नर पाचही जणांसाठी आखायचा, पण प्रत्येकाला वेगळा प्रांत दिलेला. जेवणाच्या आणि हलक्या खुर्च्या कार्ल हॅन्सनकडे. टेबलं ओडेन्सेच्याच आंद्रेआस टुककडे. कपाटं री म्योब्लरकडे. सोफे आणि पलंग गेटामाकडे. गादीवाल्या मोठ्या आरामखुर्च्या एपी स्टोलनकडे. कुणी कुणाच्या ताटातलं घ्यायचं नाही. परदेशी व्यापाऱ्यासमोर जाताना पाचही जणांचा माल एका घराचं सामान म्हणून मांडला जायचा, आणि ऑर्डर एकदम मिळायची. अमेरिकेत पन्नासच्या दशकात डॅनिश फर्निचरची जी लाट आली, तिच्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे. डिझायनरच्या नावाने पुस्तकं निघतात, विक्रेत्याच्या नावाने कुणी काढत नाही. साठच्या दशकाच्या शेवटी ही संस्था मोडली.

डॅनिश फर्निचर म्हणजे सागवान, हे बरोबर का?

त्या काळाच्या बऱ्याच कारखान्यांपुरतं बरोबर. सयाममधल्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या सागाच्या व्यापारात डॅनिश ईस्ट एशियाटिक कंपनी एकोणिसाव्या शतकापासून होती. युद्धानंतर ते लाकूड डेन्मार्कात भरपूर आलं. सागात वाळूचे सूक्ष्म कण असतात, त्याने पातं पटापट बोथट होतं. आपल्याकडच्या कुठल्याही सुताराला विचारा. कठीण धातूची टोकं लावलेली पाती आली तेव्हा कुठे साग कारखान्यात परवडायला लागला.

वाय खुर्ची मात्र प्रामुख्याने ओक आणि बीच या तिथल्या लाकडांची. सागातही निघाली, पण तिची ओळख फिकट लाकडाचीच. डेन्मार्कात अशा लाकडाला पॉलिशऐवजी साबणाच्या चुऱ्याचं पाणी लावायची जुनी रीत आहे. त्याने लाकूड पिवळं पडत नाही, हाताला कोरडं आणि मऊ लागतं.

होल्गरनंतर काय झालं?

१९६२ साली तो अचानक गेला. धंदा ऐन भरात होता. त्याची बायको एला हॅन्सन हिने कारभार हाती घेतला आणि जवळजवळ पाव शतक टिकवला. कंपनीच्या इतिहासात तिच्या वाट्याला दोनतीन ओळी येतात, हे मला खटकतं. सत्तरच्या दशकात जगाची आवड प्लॅस्टिक, क्रोम आणि जाड गाद्यांकडे वळली आणि डेन्मार्कातले कितीतरी नावाजलेले कारखाने बंद पडले. योहानेस हॅन्सनचाही पुढे बंद झाला. हा टिकला.

१९८८ मध्ये थोरला मुलगा योर्गेन गेर्नर हॅन्सन आला. त्याच्याच काळात, १९९८ साली, वेग्नरची तीन पायांची ‘शेल’ खुर्ची पुन्हा बाजारात आली. १९६३ मध्ये ती केली तेव्हा लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती, पस्तीस वर्षांनी रांगा लावल्या. २००२ मध्ये धाकटा क्नुड एरिक हॅन्सन याने सूत्रं घेतली आणि कंपनी झपाट्याने वाढवली. आता मुख्य कारखाना फ्यून बेटावरच गेल्स्टेडला आहे. २०११ मध्ये त्यांनी १८६९ सालचा रुड. रासमुसेन हा कोपनहेगनचा कारखाना विकत घेतला. त्याबरोबर कोरे क्लिंटची सुटी करून नेता येणारी सफारी खुर्चीही आली. याच क्लिंटने १९२४ पासून डॅनिश फर्निचरचं शिक्षण उभं केलं होतं.

खरी आणि नकली कशी ओळखायची?

बैठकीखालच्या पट्टीवर कंपनीची खूण पाहा. पण खुणा चिकटवता येतात, तेव्हा तेवढ्यावर जाऊ नका. खुर्ची उलटी करा. खरीची खालची वीणही वरच्याइतकीच स्वच्छ असते. माझ्या नकलेत खाली गाठी लोंबत होत्या आणि मधे पुठ्ठा कोंबलेला होता. मग वरच्या गोल पट्टीवरून डोळे मिटून बोट फिरवा. जिथे मागचा पाय तिला मिळतो तिथे नखाला उंचवटा लागता कामा नये. आणि मागचा पाय नीट बघा. मधे जोड दिसला की पुढची चर्चा थांबवा.

साठच्या दशकातल्या सामानावर कधीकधी डॅनिश फर्निचर उत्पादकांच्या नियंत्रण मंडळाचा गोल शिक्काही मिळतो. तो दर्जाचा शिक्का होता, वेग्नरचा नव्हे. विकणारे मुद्दाम गल्लत करतात.

नक्कल करणं बेकायदेशीर आहे का?

देशागणिक वेगळं. युरोपात कलाकृती म्हणून मान्य झालेल्या डिझाइनला कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण असतं. जपानची गोष्ट मजेदार आहे. तिथे या खुर्चीचे चाहते अमाप, नकलाही तितक्याच. २०११ साली तिथल्या बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने खुर्चीचा आकारच ट्रेडमार्क म्हणून मान्य केला. नाव नाही, चिन्ह नाही, नुसता आकार पाहून लोक खुर्ची ओळखतात, म्हणून.

मुंबईशी किंवा महाराष्ट्राशी यांच्या जडणघडणीचा काही संबंध?

नाही. डेन्मार्क म्हटलं की मुंबईकराला लार्सन अँड टुब्रो आठवते, १९३८ साली दोन डॅनिश इंजिनिअरांनी इथे काढलेली, पण तिचा फर्निचरशी संबंध नाही. उगाच नातं जोडू नका.

फोटो दाखवून आपल्या सुताराकडून करून घेतली तर?

विकायला नको, घरच्यापुरती म्हणून विचारणारे बरेच असतात. नकलेचा कायदेशीर भाग वर सांगितलाच आहे. कामाचं सांगतो. मागच्या पायाला जाड फळी लागते आणि निम्म्याहून जास्त लाकूड कापून वाया जातं. ते पाहून सुतार म्हणणार, ‘साहेब, दोन तुकड्यांत करू.’ गोल पट्टी वाफेवर वाकवायची सोय त्याच्याकडे नसते आणि सागही बीचसारखा सहज वाकत नाही, म्हणून तीही तीन तुकडे जोडून होणार. दोन्ही जोड बरोबर तिथेच येतात जिथे रेलणाऱ्याचा भार पडतो. त्यापेक्षा त्याला सरळ पायांची, वेताने विणलेली खुर्ची करायला सांगा. ती त्याच्या हातातली आहे, आणि बैठक विणणारा माणूस शोधायला कोपनहेगन गाठावं लागणार नाही.